अर्ध्या सावलीचे अण्णा

आमच्या शेजारच्या रंगनाथअण्णांनी पहिला रंगीत टीव्ही आणला, तेव्हा तो चार-पाच दिवस ओट्यावरच होता. बंद. वर रोपवाटिकेतली हिरवी जाळी घातलेली. इंदिरानगरातली निम्मी पोरं फाटकाला लटकून तो न लागलेला टीव्ही बघायची. मी विचारलं, "अण्णा, बिघडलाय का हो?"

"नाय वहिनी. दुकानातल्या गार हवेतून आलाय. एकदम घरात नको. जरा अर्ध्या सावलीत राहू दे."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिथे नव्यानेच घर बांधलं होतं आणि कुंपणापलीकडे अण्णांची नर्सरी होती. टोमॅटो, फ्लॉवर, झेंडू, शेवंती. जाळीखाली लाडात वाढलेलं रोप तसंच उचलून शेतात लावलं, तर दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून मध्ये काही दिवस त्याला अर्ध्या सावलीत ठेवायचं, पाणी तोडायचं, वारं लागू द्यायचं. मग ते कुठेही जगतं. हे सगळेच नर्सरीवाले करतात. फक्त अण्णा ते माणसांना, म्हशींना आणि विजेच्या वस्तूंनाही करत.

त्यांच्या विलासचं लग्न ठरलं. मुलगी पिंपळगाव बसवंतची. एका सकाळी अण्णा कुंपणाशी आले. "वहिनी, आमची सून लग्नाआधी आठवडाभर तुमच्याकडं ठेवून घ्या."

"माझ्याकडे? ती कशाला?"

"तुमचं घर म्हंजे अर्धी सावली. तिला गल्ली कळंल, पाण्याची चव कळंल, आमच्या म्हशीचा आवाज कळंल. सासू कुंपणापलीकडून दिसंल, पण सासू लागणार नाय."

दोन्हीकडचे नातेवाईक खवळले. मुलीचे मामा टेम्पो भरून माणसं घेऊन भांडायला आले. अण्णांनी सगळ्यांना बसवून चहा दिला आणि इतकं समजावलं, की जाताना मामाच मला म्हणाले, "बाई, पोरीला सांभाळा." आठवडाभर ती पोरगी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपलं सासर बघत राहिली. लग्नानंतर माप ओलांडून आली ती म्हशीला नावाने हाक मारत. मी थक्क झाले. स्वतःच्या लग्नात मी इतकी रडले होते, की फोटोतला माझा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा आलाय.

पुढे दोन हजार सालानंतर विलासचा धंदा वाढला. मुंबईहून सुटून समुद्रात फिरवून आणणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटं त्याने आईवडिलांसाठी काढली. आम्ही दोघं सोबत म्हणून. 'सोबत' हा आमच्या ह्यांचा शब्द. मी तर जणू जहाज मीच चालवणार, अशा थाटात होते. रुंद काठाची हॅट आणली, काळा गॉगल आणला आणि आरशासमोर उभी राहून "एक्स्क्यूज मी" म्हणायचा सराव केला. पन्नाशी उलटलेली बाई, डोक्यावर हॅट, अंगात नऊवारीइतका घोळदार गाउन. माझी नात तो फोटो बघून अजून लोळते.

विलास म्हणाला, "सकाळी निघा, दुपारी जहाजात बसा."

"एकदम नाय," अण्णा म्हणाले. "दोन दिवस आधी मुंबईत जाऊन राहायचं."

मला आनंद झाला. राणीची बाग, चौपाटी, खरेदी, मी सगळा बेत घडाघडा म्हणून दाखवला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही फिरा वहिनी. आमचं वेगळं हाय. पहिल्या दिवशी समुद्राचा नुसता वारा. दुसऱ्या दिवशी लांबून दर्शन, मग जवळून. तिसऱ्या दिवशी जहाज. हिची समुद्राशी गाठ नीट पडली पाहिजे. बाकी मला मुंबईत काय बी बघायचं नाय."

ही म्हणजे कमलताई, त्यांची बायको. सडपातळ बांध्याची, कमी बोलणारी. ती शेजारीच बसून शेवंतीची काडी छाटत होती. ती नुसती हसली.

द्वारका चौकातून भाड्याची जीप केली. मुंबई आली तसे अण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "पाणी दिसंल असा रस्ता नको."

"काका, मुंबई आहे ही! पाणी काय मी झाकून ठेवू?"

"तू गाडी चालव, झाकायचं मी बघतो," असं म्हणून त्यांनी कमलताईच्या बाजूच्या खिडकीला वर्तमानपत्र धरलं. ते लॉजच्या दारापर्यंत. लॉजवाल्याने मोठ्या कौतुकाने समुद्राकडची खोली उघडली, तर अण्णांनी मागची मागितली. त्या बिचाऱ्याच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नसावं.

त्या दुपारी मी कमलताईला समुद्रावर व्याख्यान दिलं. घाबरायचं नसतं, लाट म्हणजे नुसतं पाणी, भरती-ओहोटी हा निसर्गनियम. मी स्वतः समुद्र तोवर दोनदा पाहिला होता, त्यातल्या एकदा बसमधून. कमलताईने सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "ताई, मी अलिबागची. वडील तिथं सरकारी बागेत माळी होते. लग्नापर्यंत रोज किनाऱ्यावरच असायचे मी. माझ्या लग्नानंतर वडील रिटायर होऊन मूळ गावी दिंडोरीला आले, मग पुन्हा जाणं झालंच नाही."

"मग अण्णा हे सगळं..."

"करू द्या त्यांना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. आमचे हे चणे-फुटाणे आणायला गेले. कमलताईने चपला काढल्या, साडी वर खोचली आणि सरळ चालत पाण्यात गेली. गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मागे वळून बघेना. लाट आली की अंग नुसतं जरा तिरपं करायची, शेजारून जाणाऱ्या माणसाला वाट द्यावी तसं. मी हॅट काढून मांडीवर ठेवली. माझ्या तीस वर्षांच्या संसारात मी कुठेही इतकी घरच्यासारखी उभी राहिले नव्हते.

अण्णा कट्ट्यावर माझ्याशेजारी बसले होते. पाय वर घेऊन.

"इतकी वर्षं का नाही आणलंत हो तिला?" मी विचारलं.

"नर्सरीला पाणी कोण घालणार?"

"अण्णा, विलास आहे, सून आहे."

त्यांनी पाय आणखी जवळ ओढले. मग म्हणाले, "लग्न झालं ना वहिनी, तवा हिला एका दिवसात अलिबागहून उचलून आणली. मधी कुठं थांबवली नाय. वर्षभर जेवली नाय नीट. मी बघत होतो, पण मी बी पोरगाच. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मग हळूहळू लागली. पण लागली का नुसती सोसली, ते मला आजून कळलेलं नाय." त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "तिची खरी माती ही. आता ती परत मिळाल्यावर हिला आमच्याकडं करमलं नाय तर?"

मला बोलायला न सुचण्याचा प्रसंग आमच्या ह्यांनी चणे घेऊन येताना पाहिला आणि ते घाबरले.

अंधारायच्या आत कमलताई परत आली. तिने पायाची वाळू झटकली आणि चपला घातल्या. रात्रभर अण्णा झोपले नसावेत. सकाळी त्यांचे डोळे लाल होते.

बंदरावर जहाज बघून मी एक्स्क्यूज मीसुद्धा विसरले. आमच्या कॉलनीतली सगळी घरं एकमेकांवर रचली तरी कमी पडली असती. धक्क्यापासून जहाजाच्या दारापर्यंत शिडीवजा अरुंद पूल लावला होता. खाली काळंशार पाणी डुचमळत होतं. आम्ही दोघं चढलो. मागे बघते, तर अण्णा पुलाच्या तोंडाशी थिजलेले. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात गोदावरीच्या पुराखेरीज मोठं पाणी जवळून पाहिलं नव्हतं, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मागे रांग खोळंबली. कुणीतरी "आगे बढो, आगे बढो" करू लागलं.

"तुम्ही जावा," अण्णा कमलताईला म्हणाले. एरवी ते तिला अगं म्हणत. "तुम्ही जावा पुढं. तुमचंच हाय ते. मी हितं थांबतो."

कमलताई पुढे होती. ती वळली, दोन पावलं खाली आली आणि भर गर्दीत तिने अण्णांचे दोन्ही हात धरले.

"खाली बघू नका," ती म्हणाली. "माझ्याकडं बघा."

आणि ती उलटी चालायला लागली. तोंड अण्णांकडे, पाठ जहाजाकडे. पांढऱ्या गणवेशातला माणूस ओरडला, "मॅडम, सीधा चलिये, गिर जाएँगी!" तिने ऐकलं नाही. एकेक पाऊल मागे टाकत, पायाने पूल चाचपत ती अण्णांना वर आणत होती. अण्णांचे डोळे तिच्या तोंडावर. दोन्ही बाजूंना समुद्र उन्हात लखलखत होता, जहाजाच्या टोकापलीकडे तर आभाळाला टेकलेला. मी वर दाराशी उभी राहून बघत होते. पूल संपून पाय जहाजावर टेकेपर्यंत कमलताईने एकदाही मान वळवली नाही.