खंदारे सिस्टरची मिलिट्री गाडी

खंदारे सिस्टर रोज सकाळी साडेसहाला गाडीला स्टेथोस्कोप लावतात.

आधी इंजिन चालू करतात, मग बॉनेट उघडून नळ्या कानांत घालतात आणि डोळे मिटून ऐकत उभ्या राहतात. ऐकून झालं की गाडीच्या दाराला सुतळीनं बांधलेल्या केसपेपरवर लिहितात, 'रात्र बरी गेली. किंचित धाप. ऑइल कालच्यापेक्षा कमी गळाले.' आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे दात घासता घासता मला हे सगळं दिसतं. दिसतं आणि मी घाईनं चूळ भरतो. कारण केसपेपर लिहून झाला की सिस्टर भिंतीकडे वळतात.

"सर, रविवारी रिकामे हाव ना?"

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पालमच्या शाळेत मी भूगोल शिकवतो. ज्वालामुखी, भूकंप, चक्रीवादळ हे सगळं फळ्यावर बिनधास्त काढतो. पण घरातल्या गॅसची टाकी बदलायला बायको लागते. कुत्र्यांना भितो, विजेला भितो, मुख्याध्यापकांच्या फोनला भितो. आणि गेली दोन वर्षं या गाडीला भितो.

सिस्टरांची सगळी नोकरी या तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत गेली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर कपाट बघायला म्हणून सेलूला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या मागे बांधून एक अँब्युलन्स घेऊन आल्या. लष्करानं लिलावात काढलेली, भंगारवाल्यानं उचललेली. रंग शेवाळी, आकार थेट धान्याच्या कोठीसारखा, अंगावर पुसट झालेला लाल क्रॉस आणि आत चिमण्यांची तीन घरटी.

"कापायला काढली होती हो त्यानं," सिस्टर मला भिंतीवरून म्हणाल्या. "गॅस कटर घिऊन उभा होता मुडदा. जित्या पेशंटाला!"

"जिती आहे?" मी विचारलं.

"श्वास चालू हाय. बाकी बघू."

बाकी बघायला युसूफमामू आले. मामू आमच्याकडचे जुने मेकॅनिक. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घातली आणि म्हणाले, "सिस्टर, ये गाडी नै, हत्ती है. इसका सामान अब किधर मिलता?"

"मिलता. तुम ढूंडो, मी बी ढूंडते."

आणि सिस्टरांनी खरंच ढुंढलं. कुठल्या कुठल्या गावांतल्या भंगाराच्या दुकानांत एसटीनं जाऊन आल्या. पिशवीत भाजी आणावी तसे गाडीचे भाग आणायच्या. गळक्या नळीला आधी गॉज, मग चिकटपट्टी लावायच्या. मामू वैतागायचे. "सिस्टर, ये पाइप है, पाँव नै!" सिस्टर म्हणायच्या, "दुखणं दुखणंच असतंय मामू."

मी यात कसा सापडलो? माझ्याच तोंडानं. एकदा चहा पिताना मी बोलून गेलो की लहानपणी शेतात ट्रॅक्टर चालवायचो. सिस्टरांनी कप खाली ठेवला.

"मंग झालंच की! ड्रायव्हर सापडला."

"सिस्टर, तो ट्रॅक्टर होता. आणि मी बांधाला धडकवला होता."

"धडकल्याबिगर शिकतंय का कुणी?"

मी आशेनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जावा की. एवढी बाईमाणूस भिईना, अन् तुमी भ्यायलाव?"

खरी गोष्ट अशी की ही बाई कशालाच भीत नव्हती. गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा मागच्या नळीतून असा बार निघाला की मी स्वतःच्या ओट्यावर कधी पोचलो ते मला कळलं नाही. मामूसुद्धा खाली बसले. सिस्टर मात्र खूश. "खोकला सुटला! आता कफ मोकळा होईल." दुसऱ्या वेळी मी ड्रायव्हरच्या सीटखालचं फडकं ओढलं तर फडकं आपणहून हललं. धामण होती, चांगली हाताएवढी जाड वाटली मला. मी किंचाळलो. सिस्टरांनी काठीवर घेऊन तिला कुंपणापलीकडे सोडलं आणि म्हणाल्या, "गरीब हाय हो. अंडी घालायला आली असंल." मला ग्लासभर पाणी दिलं, नाडी बघितली आणि घरी पाठवलं.

एक गोष्ट मला कळत नव्हती. आत चार स्ट्रेचर ठेवायच्या लोखंडी पट्ट्या होत्या. सिस्टरांनी त्यातलं एकच स्ट्रेचर नीट करून घेतलं, त्यावर गादी घातली आणि दर सोमवारी तिच्यावर धुतलेली चादर पसरायच्या. बाजूला एक बुटका बाक. गाडी गल्लीत जरा पुढे-मागे करायची म्हटलं की सिस्टर त्या बाकावर बसायच्या. पुढे कधीच नाही.

"सिस्टर, पुढं या. रस्ता तरी दिसेल."

"मला रस्ता बघून काय करायचंय? मी हितं बरी."

मे महिन्यात गाडीची कागदपत्रं हातात आली. एका रविवारी सकाळी आठला आम्ही निघालो. मामू म्हणाले होते, "सर, आज दूर नको. ब्रेक नया है, थोडा देखके." आम्ही गावाबाहेर पडलो. दोन किलोमीटर गाडी अशी गेली की मला वाटलं, उगीच भीत होतो आपण. गाडी गुरगुरत होती, माणसं बांधावरून हात करत होती. मागून सिस्टर मधल्या जाळीतून विचारायच्या, "काय म्हणतीय?" मी म्हणायचो, "बरी आहे."

मग नदीकडे उतरणारा रस्ता आला.

उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला. पहिल्यांदा लागला. दुसऱ्यांदा अर्धा लागला. तिसऱ्यांदा पाय थेट फळीला टेकला आणि खालून काहीच आलं नाही. रिकाम्या पिठाच्या पिशवीवर पाय दिल्यासारखं वाटलं. मी पुन्हा दाबला. पुन्हा. हँडब्रेक ओढला तर त्याची तार तुटली आणि दांडा माझ्या मांडीवर येऊन पडला.

खाली अरुंद पूल. पुलावर समोरून एसटी चढत होती. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, शेळ्या.

भीतीबद्दल मला बरंच ठाऊक आहे असं मी समजत होतो. तसं नव्हतं. इतके दिवस मी भीत होतो ती न घडलेल्या गोष्टींना. ही घडत होती. हातांना घाम आला आणि स्टीअरिंग सुटायला लागलं. मी हॉर्न दाबून धरला आणि जाळीतून ओरडलो,

"सिस्टर, ब्रेक नाही! दार उघडा, उडी मारा!"

वेग अजून फार नव्हता. मागचं दार त्यांच्या हाताशी होतं. उडी मारता आली असती.

"सिस्टर! उडी मारा म्हणतो ना!"

"न्हाई!" एवढंच ऐकू आलं.

मी गिअर खाली ओढला. गाडी दात खात किंचाळली, थोडी दबली, पण थांबली नाही. शेळ्या पांगल्या. एसटीच्या ड्रायव्हरनं पुलावरच गाडी थांबवली. त्याचा उघडा जबडा मला अजून दिसतो. डावीकडे उन्हात तापायला नांगरून टाकलेलं काळं रान होतं. मी डोळे मिटले, हे मी कुणाला सांगत नाही, आणि सगळा जोर लावून चाक डावीकडे फिरवलं.

गाडी नालीतून उडाली, आपटली, पुन्हा आपटली. ढेकळं काचेवर आली. मग चाकं मऊ मातीत रुतत गेली आणि हत्ती बसावा तशी ती बसली. इंजिन बंद पडलं. धूळ खाली यायला बराच वेळ लागला.

मी खाली उतरलो. तसाच मागे गेलो आणि दार उघडलं.

सिस्टर बाकावरच होत्या. कपाळावर टेंगूळ आलं होतं. दोन्ही हातांनी त्यांनी स्ट्रेचरची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. आणि त्या थरथरत होत्या. धामणीला काठीवर घेणारी बाई पानासारखी थरथरत होती.

"सिस्टर, सोडा आता. थांबली गाडी."

सोडलं नाही.

"उडी का नाही मारली? मेला असता ना!"

त्या स्ट्रेचरकडेच बघत म्हणाल्या, "पावसाळा होता, सर. मी नोकरीला नवीनच. एका बाळंतिणीला खेड्यातून जीपमधे घातली. रक्त थांबंना. जीप चिखलात फसली. ड्रायव्हर गावाकडं पळाला बैल आणायला. मी एकटी. ती म्हणली, बाई, माजा हात सोडू नका. मला लय भ्या वाटायलंय."

त्यांनी स्ट्रेचरवरून सरकलेली चादर कोपरानं वर ढकलली.

"मला वाटलं, डांबरी सडकेवर एखादी गाडी भेटंल. तिला म्हणलं, आलेच. पळत गेले. ट्रक भेटला बी. घिऊन आले तवा... लेकरू रडायलं होतं. तिचा हात असा बाहेर आलेला. कुणाला तरी शोधायला होता जणू."

दूर रस्त्यावर एसटी सुरू झाल्याचा आवाज आला.

"तुम्ही मदतच आणायला गेला होता," मी म्हणालो.

"सगळे हेच म्हणले. तिनं तसं न्हाई म्हणलं. ती एकटीच गेली, सर. भेत भेत गेली. इंचू-सापाचं मला काय वाटत न्हाई. ह्याचं वाटतंय."

भूगोलाच्या मास्तरला अशा वेळी काय सुचणार? मी मामूंना फोन लावला, गाडी रानात आहे, ट्रॅक्टर घेऊन या म्हणालो. मग त्यांना वाट दाखवायला सडकेवर जाऊन उभं राहावं म्हणून वळलो.

"सर," सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "कुठं जायलाव?"

मी वळून पाहिलं. त्यांनी स्ट्रेचर सोडलं होतं आणि आता हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

मी वर चढलो आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं. नाडी बघायला नव्हे, नुसतंच. आम्ही दोघंही कापत होतो, त्यामुळे कोण जास्त कापतंय ते कळायला मार्ग नव्हता.

अर्ध्या तासानं मामूंचा फोन आला. ते सडकेवर उभे होते.

"सर, किधर हो? दिखते नै. जरा रोड पे आव ना."

"मला येता येणार नाही, मामू," मी म्हणालो. "नांगरटीत चाकांच्या खुणा दिसतील, त्या धरून या. सावकाश या. घाई नाही."