अण्णांचं गुळवणी

नवा भाडेकरू आला की माणसं नाव विचारतात, गाव विचारतात, आडून आडून जात काढून घेतात. उस्मानपुऱ्यात मी राहायला गेलो त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे घरमालक अण्णा सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि म्हणाले, "मास्तर, गूळ दाखवा."

मी डबा पुढं केला. अण्णांनी पिवळाधमक खडा उजेडात धरला, जिभेला लावला आणि खिडकीबाहेर फेकला. "ह्यो गूळ नाय, ही बिमारी हाय." संध्याकाळी काळपट गुळाची अर्धी ढेप माझ्या दारात येऊन पडली. देवगाव रंगारी हे त्यांचं गाव. तिकडच्या गुऱ्हाळाखेरीज दुसरा गूळ त्यांच्या घरात शिरत नसे.

दर रविवारी सकाळी अण्णा स्वतः गुळवणी करत. धिरड्यांबरोबर खायचं हे गुळाचं गोड पाणी कोणीही चहाच्या वेळात करतं. अण्णांची अख्खी सकाळ त्यात जाई. गूळ ठेचायचा नाही, चिरायचा. मलमलीतून गाळायचा. आच मंद, सुंठ अगदी शेवटी, आणि ढवळताना कोणी बोलायचं नाही. काकूंना तेवढा वेळ स्वयंपाकघरात मज्जाव. "ह्यांचं लगीन माझ्याशी नाय, पातेल्याशी लागलंय," काकू जिन्यात बसून गहू निवडता निवडता म्हणत. दुसऱ्या कोणाचं गुळवणी चाखलं की अण्णांचा निकाल ठरलेला: "बिलकुल बेकार. निस्तं पाणी तापवलंय." वाद घातला तर ऐकवत, "पोलीस ॲक्शनच्या सालचा, अठ्ठेचाळीसचा जन्म हाय आपला. कुणाला भेत नाय!" या दोन गोष्टींचा संबंध मला कधीच कळला नाही.

गुळवणी मात्र, खोटं कशाला बोलू, फार सुरेख व्हायचं. म्हणूनच माणूस माजला होता.

एकदा धोंड्याच्या महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी सुमन आणि जावई मुक्कामाला आले. या महिन्यात जावयाला देव मानतात, त्याचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. रात्री ते सगळं यथासांग झालं. सकाळी धिरडी, आणि पंगतीला मीही. जावई नगरकडचा, साधा माणूस. दोन घास खाऊन म्हणाला, "जरा साखर मिळेल का?"

काकूंच्या हातातलं उलथणं थांबलं. अण्णा जावयाकडं न बघता म्हणाले, "ज्याला गुळाची चव कळत नाय, त्याला माझी पोरगी काय कळणार?"

जावई भरल्या ताटावरून उठला. हात धुतले, चपला घातल्या. सुमन आत जाऊन बॅग घेऊन आली आणि बापासमोरून तशीच जिना उतरली. "जाऊ द्या," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी आपलं धिरडं संपवलं. इतका राग मला कोणाच्या जेवणाचा कधी आला नव्हता.

त्यानंतर सुमन आली नाही. काकूंनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. माफीचा विषय निघाला की अण्णा उठून गच्चीवर जात. पण रविवारच्या ताटांशेजारी एक साखरेची वाटी दिसू लागली, वर झाकण घातलेली. आम्ही कोणी तिला हात लावत नसू आणि अण्णाही काही बोलत नसत.

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. एका सकाळी अण्णा माझ्या दारात उभे. "मास्तर, तुमच्या फोनवरनं सुमनला लावा. आमचा ती उचलत नाय."

"काय सांगू?"

"दोघांनी या म्हणावं. जावईबापूंना पायजे तेवढी साखर खाऊ द्या." एवढं बोलणं त्यांना फार जड गेलं.

मी फोन लावला, निरोप सांगितला. मग सुमन म्हणाली, "काका, अण्णांना सांगा, आमचे हे तर ते कधीच विसरलेत. मी नाही विसरले. आम्ही येणार नाही." आणि तिनं फोन ठेवला.

गोड करून सांगणं मला जमलं नाही. जसं होतं तसं सांगितलं. अण्णा ऐकत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी ताडकन बोलतील.

"आवाज कसा वाटला तिचा?" त्यांनी विचारलं. "खोकत तर नव्हती ना? हवा बदलली की लई घसा धरतो तिचा."

"नव्हती खोकत."

"मग बरं हाय," म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी वर चढू लागले.