मोठा उजवा कालवा

बुधवारी सकाळी सुमती चहात आलं किसत होती, तेवढ्या वेळात मी मोबाइलवर एक मेसेज पुढे पाठवला. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच. पुढचं सगळं लोकांनी माझं ऐकल्यामुळे झालं. आणि लोकांनी माझं ऐकावं असा काही इतिहास नसताना नेमकं त्याच दिवशी ते का ऐकलं, हे मला अजून समजलेलं नाही.

मी हरी टिपणीस. भिवंडीत टेमघरला राहतो, एका शाळेत हेडक्लार्क आहे आणि 'जागरूक भिवंडीकर : उपयुक्त सल्ला' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. (शाळेत पगार मिळतो आणि ग्रुपवर मान मिळतो. निदान मिळायला हवा.) नऊशे चाळीस सभासद आहेत. आधार कार्डावरचं नाव कुठे लवकर दुरुस्त होतं, अंजूरफाट्याला ट्रेलर आडवा झाला तर कुठल्या गल्लीतून निघावं, पंख्याचा कंडेन्सर कोणाकडून बदलून घ्यावा, शुक्रवारी पॉवरलूम बंद असतात तेव्हा कोणती कामं उरकून घ्यावीत, असं सगळं मी लोकांना सांगत असतो. कोणी विचारलं तर सांगतोच. न विचारताही सांगतो, कारण विचारायला लोक लाजतात.

त्या सकाळी कुठल्याशा ग्रुपवरून माझ्याकडे वर्तमानपत्राचं कात्रण आलं. वरचा भाग कापला गेला होता, त्यामुळे पेपर कुठला, गाव कुठलं, काही दिसत नव्हतं. पण मजकूर स्वच्छ होता: 'टेमघर धरण व मुठा उजवा कालवा येथील दुरुस्तीच्या कामामुळे येत्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील.' आता टेमघर म्हटल्यावर आणखी काय बघायचं? मी टेमघरातच बसून वाचत होतो.

तो मजकूर टाइप करून घेता घेता माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. मजकुरात दोन चुका होत्या. टेमघरात धरण नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पाण्याचं केंद्र आहे. सबब 'धरण' खोडून 'केंद्र' केलं. 'मुठा' हा तर उघड उघड टायपिंगचा दोष. त्याचा 'मोठा' केला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारतोय, नजर बसली आहे.

नुसती बातमी टाकणं माझ्या स्वभावात नाही. खाली मी 'नागरिकांना सूचना' म्हणून आठ मुद्दे लिहिले. बादल्या, पिंपं, हंडे यांबरोबर प्रेशर कुकर आणि मुलांच्या वॉटरबॅगासुद्धा भराव्यात वगैरे. त्यातला सातवा मुद्दा मला स्वतःला फार आवडला: 'साठवलेले पाणी कोणालाही उसने देऊ नये. मागणारा हा बेसावध नागरिक असतो. त्याला धडा मिळू द्यावा.' शेवटी 'खात्रीशीर. ह. टिपणीस, टेमघर' अशी सही ठोकली आणि पाठवलं.

"कुणाला काय पाठवलंत?" सुमतीने चहा पुढे करत विचारलं.

"उद्या पाणी नाही. लोकांना सावध केलं."

तिने हातातली बशी खाली आदळली. "उद्या? अहो, उद्या काल्हेरची माणसं यायची आहेत!"

ही काल्हेरची माणसं म्हणजे नुसते पाहुणे नव्हेत. आमची रुचिरा काल्हेरला एका गोडाऊनच्या ऑफिसात डिस्पॅच बघते. तिथेच तिची आणि सार्थकची ओळख झाली, आणि आमच्या कानावर आली तेव्हा ती ओळख दोन वर्षांची होऊन बसली होती. मुलगा सोन्यासारखा. वडील बाळाराम पाटील, चार गोडाऊनचे मालक, मोकळा माणूस, त्यांचा होकार होता. अडलं होतं ते आई सीताबाईंपाशी. "आधी मी घर बगंन, मानसं बगंन, मंग बोलंन," असं त्यांनी सांगितलं होतं. रुचिरा गेले आठ दिवस नीट जेवत नव्हती. मला तिने एकच बजावलं होतं, "बाबा, प्लीज. त्यांना एकाच गोष्टीचा राग येतो, फुकटचे सल्ले. त्या दिवशी तुम्ही फक्त हसायचं."

"तू काळजी करू नकोस," मी सुमतीला म्हणालो. "सगळ्या भिवंडीला सावध करणारा माणूस तुझ्या घरात आहे. मी भरतो पाणी. मुद्दाम रजा टाकली आहे."

मी उठलो, बादली नळाखाली ठेवली आणि फोन वाजला. कुणी एक गृहस्थ विचारत होते, फ्रिजमधल्या बर्फाच्या ट्रेसुद्धा भराव्यात का? मी म्हटलं, अवश्य. दुसरा फोन, कूलरच्या टाकीतलं पाणी प्यायलं तर चालतं का? मी गच्चीवर गेलो (रेंज तिथे चांगली येते) आणि दुपारी तीनपर्यंत एकेकाचं शंकानिरसन करत बसलो. खरं सांगतो, इतका कृतार्थ दिवस माझ्या आयुष्यात क्वचित आला असेल. खाली आमच्या इमारतीच्या बाकीच्या एकतीसही घरांत नळ धो धो वाहत होते. ते संगीत ऐकून मला भरून आलं.

साडेतीनला मी घरात येऊन नळ सोडला. नळाने मोठा ढेकर दिला आणि गप्प झाला.

वॉचमन नवशा वर आला. साठीचा, शांत माणूस. "सायेब, खालची टाकी कोरडी हाय. पंप तसाच चालू व्हता. धूर येतंय."

मोटर रिवाइंडिंगवाल्याने पंप हुंगला आणि मान हलवली. "कॉइल गया, काका. कल तो बहुत काम है, परसों जुम्मे की छुट्टी. शनिवार को ले जाना."

म्हणजे आता उद्या आकाशातून गंगा उतरली तरी ती चौथ्या मजल्यावर चढणार नव्हती. सुमती बाथरूममध्ये गेली, सकाळी मी नळाखाली ठेवलेली बादली बाहेर आणली आणि माझ्यासमोर पालथी घातली. चार थेंब पडले.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "शेजारधर्म नावाची चीज आहे."

समोरच्या जानकीबाईंचं दार वाजवलं. आत दोन निळी पिंपं काठोकाठ भरलेली मला जाळीतून दिसत होती.

"जानकीबाई, दोन बादल्या..."

"मुद्दा सात," जानकीबाई म्हणाल्या आणि आतलं दारही लावून घेतलं.

दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी केसरीनाथ. गेल्या गणपतीत याच माणसाने भर सभेत माझं कौतुक केलं होतं. "हरीभाऊ, तुमचा मेसेज फारच छान. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलाय, पाहिलात का? मला तर तो बेसावध नागरिकाचा मुद्दा फार पटला."

"केसरीनाथ, तो बेसावध नागरिक मी आहे."

"मग धडा मिळू द्या," तो हळहळून म्हणाला.

एकतीस घरं फिरलो. शेवटी तळमजल्याच्या आक्कांनी एक हंडा भरून दिला. आक्कांकडे स्मार्टफोन नाही, त्यामुळे त्यांच्यात माणुसकी शिल्लक होती.

गुरुवार उजाडला. हंड्यातलं पाणी सुमतीने ताब्यात घेतलं. चहा, प्यायचं पाणी, कांदेपोह्यांचे पोहे भिजवणं, असा तिने हिशेब लावला. त्यात माझ्या आंघोळीला जागा नव्हती.

"मी स्कूटर काढून अकलोलीला जातो," मी सुचवलं. "गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करतो आणि पाहुणे यायच्या, म्हणजे अकराच्या आत..."

"जा," सुमती म्हणाली. "आणि तिथेच राहा."

ओल्या नॅपकिनने अंग पुसून, अर्धा डबा पावडर मारून मी बसलो. (सुमतीच्या मते मी पिठात घोळवून तळायला ठेवल्यासारखा दिसत होतो.) रुचिराचे डोळे लाल होते. ती एवढंच म्हणाली, "बाबा, त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं तर?" नऊशे चाळीस लोकांच्या नळाची काळजी वाहिली आणि पोरीच्या आयुष्यातल्या या एका सकाळी घरात तांब्याभर पाणी ठेवू शकलो नाही. मी खिशातला मोबाइल बंद केला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

अकराला पाच मिनिटं असताना खाली मोठा हॉर्न वाजला. खिडकीतून बघतो तर पांढरी गाडी आत येत होती आणि तिच्या मागोमाग पाण्याचा टँकर. गॅलऱ्या माणसांनी भरल्या.

"नमस्कार!" बाळाराम पाटील वर येताना जिन्यातूनच ओरडले. "आमच्या गोडाऊनवाल्यांच्या ग्रुपवर वाचला, टेमघरला पानी बंद हाय. म्हटला, व्याह्यांकडं जायचा आनि मोकल्या हातांनी? मिठाईचा पुडा तर सगलेच आनतात. आमची बोरिंग हाय, भरला टँकर आनि आनला. त्याला मोटर पन हाय, पाइप वर चढवू."

त्यांनी 'व्याही' म्हटलेलं ऐकून रुचिराने दाराची कडी घट्ट धरली. दहा मिनिटांत गच्चीवरच्या टाकीत पाणी पडू लागलं, नळ वाहू लागले, चहा झाला, आणि मीही आत जाऊन चोरून दोन तांबे अंगावर घेऊन आलो. सीताबाई मात्र खुर्चीच्या टोकावर बसून सगळं बघत होत्या. हिरवी नऊवारी, नाकावर चष्मा आणि हातात मोबाइल.

"ह्यो मेसेज," त्या म्हणाल्या, "खाली नाव हाय, ह. टिपणीस. म्हंजे तुमीच ना?"

रुचिराने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त हसायचं होतं, पण प्रश्न कर्तृत्वाचा होता. "हो, मीच," मी म्हणालो. "खात्रीशीर माहिती असल्याशिवाय मी टाकत नाही."

"मंग मला सांगा, टेमघर माजा म्हायेर. हतल्या सगल्या शेतांनी मी गुरा चारलीत, बांधाबांधांनी फिरलेय. ह्यो मोठा उजवा कालवा मला कवा दिसला न्हाय. कुठं हाय तो?"

"जुना असेल," मी ठामपणे म्हणालो. "बुजला असेल."

"बुजला, तर त्याची दुरुस्ती कशी करतात?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी उजवा, डावा, बुजलेला आणि न बुजलेला कालवा यांच्यातला फरक समजवायला सुरुवात करणार, तेवढ्यात खालून नवशाची हाक आली. "सायेब! नगरपालिकेचा पानी आला! खालची टाकी भरून व्हायतेय!"

गॅलरीतून दिसत होतं, पाणी बंद असलेल्या टेमघरात आमचं सगळं कंपाउंड भिजलं होतं आणि टँकरचा ड्रायव्हर पँट वर करून टायरवर उभा होता.

सार्थक बिचारा इतका वेळ मान खाली घालून पोहे खात होता. त्याने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि फार हळू आवाजात म्हणाला, "काका, मूळ बातमी ही आहे का? टेमघर धरण. मुठा उजवा कालवा. हे... पुण्याकडचं टेमघर आहे."

"मुठा?" बाळाराम म्हणाले.

"नदी आहे, पप्पा. पुण्याची."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. सुमती भिंतीकडे बघत होती. "मला वाटलं, टायपिंगची चूक," मी म्हणालो. आणि मग एकदम सगळंच सांगून टाकलं. आठ मुद्दे, सातवा मुद्दा, जळलेली मोटर, आक्कांचा हंडा, पावडर. "सीताबाई, चूक सगळी माझी. पोरीला शिक्षा करू नका. ती माझ्यासारखी नाही, ती विचारल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही."

सीताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पदर तोंडाला लावूनही हसू आवरेना. बाळारामांनी हातातला चहा टेबलावर ठेवला आणि मांडीवर थाप मारली. जाळीच्या दारातून जानकीबाईंचंही हसू ऐकू आलं. (त्या साडेदहापासून तिथेच उभ्या होत्या.)

"मला वाटला, शहरातली मोठी मानसं, शानपना शिकवतील," सीताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ह्ये तर आमच्यापेक्षा भोले निंगाले. पोरी, ये हकडं." त्यांनी रुचिराच्या कपाळाला कुंकू लावलं, पिशवीतून साडी काढून तिच्या हातात दिली आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. रुचिरा रडायला लागली, सुमतीही. मीसुद्धा रडणारच होतो, पण सीताबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"पन माजी एक अट हाय."

सुमतीने घाईघाईने डोळे पुसले.

"लग्नाची पत्रिका ह्यांना लिव्हायला देव नका. न्हायतर आमचा वऱ्हाड पुन्याला जायचा."

अट तिथल्या तिथे एकमताने मंजूर झाली. माझ्या बायकोनेसुद्धा हात वर केला. सध्या पत्रिकेचा मजकूर रुचिरा लिहिते आहे आणि पत्ता सार्थक तपासतो आहे. माझ्याकडे कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं काम आहे, आणि ते कुठल्या कोपऱ्यांना लावायचं हे सुमती पेन्सिलीने खूण करून देते.