लाल-हिरव्याचे वैरी

टेंभरेबाबू नकाशा रंगवून झाला की तो साहेबांकडे नेत नसत. आधी ऑफिसच्या मागच्या पडवीत नेऊन भिंतीला टाचत. मग खिशातून दिव्यावर धरून काळी केलेली एक काच काढत, ती उजव्या डोळ्याला लावत, डावा मिटत, आणि ग्रहण बघायला आल्यासारखे नकाशासमोर उभे राहत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकतर "बसला" म्हणत, नाहीतर नकाशा भिंतीवरून उतरवून टराटरा फाडत. तीन दिवसांचं काम. आम्ही कारकून खिडकीतून बघत असू, कारण आमच्या ऑफिसात आठवड्याभरात घेतला जाणारा तो एकमेव निर्णय असे.

ऑफिस गोंदियात होतं आणि सार्वजनिक आरोग्याचं काहीतरी करत असे, एवढं सांगितलं तरी पुरे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातली तहसील होती आणि आमची राजधानी नागपूर. पुढे राज्य बदललं, टेबलं तीच राहिली. दर उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासलं जाई, कारण पाऊस लागला की धानाच्या बांध्यांबरोबर विहिरीही भरत आणि पटकी सुरू होई. विहिरीत टाकायची पांढरी पावडर इतकी मोजकी येई की सगळ्या विहिरींना पुरत नसे. म्हणून गावागणिक नकाशा: ह्या विहिरीत टाका, त्या विहिरीत नको. तो घेऊन आमची दवा टाकणारी माणसं पायी निघत. त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. नकाशावर जे दिसेल ते खरं.

हे नकाशे टेंभरेबाबू काढत. रंगातला त्यांचा डोळा असा, की दोन डब्यांतला शेंदूर एकाच कारखान्याचा नाही हे ते झाकण उघडताच सांगत. पण एकाच नकाशात लाल आणि हिरवा हे दोन रंग वापरायला सांगितलं, की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहायची.

"रंगाला दोन गोष्टी असतात, भाऊ," ते मला सांगत. "नाव आणि वजन. नाव सगळ्यांना सारखं दिसत नाही. वजन, म्हणजे गडद की फिकट, ते दिसते. हा लाल घ्या, हा हिरवा घ्या. नावं वेगळी, वजन एकच. काच लावा, मग बोला."

मी काच लावली. दोन्ही पट्ट्या एकसारख्या मातकट दिसल्या. मी तसं कबूल केलं, आणि ती माझी चूक झाली. त्यानंतर पाच वर्षं दुपारच्या चहाला मी त्यांचा एकुलता एक शिष्य होतो.

त्यांच्या नकाशात वाईट विहीर गर्द काळपट असे, वर आडव्या-उभ्या रेघांची जाळी. चांगली विहीर फिकट पिवळी. संशयाची विहीर मधल्या वजनाची, वर टिपके. भिजलेला नकाशा असो, कंदिलाचा उजेड असो, म्हातारा माणूस असो, वाचता आलाच पाहिजे. खात्री म्हणून ते नकाशा आधी चौकातल्या पानवाल्याला दाखवत. त्याने विहीर बरोबर दाखवली तरच तो साहेबांकडे जाई. पानवाल्याच्या मंजुरीनंतर आपली सही लागते, हे आमच्या एका जुन्या साहेबांना निवृत्तीच्या दिवशी कळलं. ते निरोपाचं भाषण अर्धवट टाकून खाली बसले.

ऑफिसबाहेरही सुटका नव्हती. कोणाच्या लग्नाचा मांडव बघितला की, "नवरदेवाच्या आजोबाला खांब दिसणार नाही, आपटेल." झेंडावंदनाला सगळे छाती काढून उभे, आणि हे माझ्या कानात, "ज्याने केला त्याला अक्कल होती. मधे पांढरा ठेवला." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आम्ही म्हणत असू, बाबूंनी सगळा संसार लाल-हिरव्याच्या भांडणात घातला.

मग नवे साहेब आले. पुण्याचे. दिल्लीला सहा आठवड्यांचं कसलंसं शिक्षण घेऊन आले होते आणि तिथून दोन वस्तू आणल्या होत्या: नकाशावर ठेवायची एक पॉलिश केलेली काठी आणि 'दृक्परिणाम' हा शब्द. दोन्ही ते एकाच वेळी वापरत. पावसाळ्याच्या तोंडावर नागपूरहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. चाळीस गावांचे नकाशे भिंतीवर लावायचे, आणि तपासणी झाली की तेच नकाशे दवा टाकणाऱ्यांच्या हाती द्यायचे, असं ठरलं.

साहेबांनी टेंभरेबाबूंचा पहिला नकाशा काठीने उचलून धरला.

"टेंभरे, हा नकाशा आहे की सुतक?"

"विहिरींचा नकाशा आहे, साहेब."

"अहो, माणसाला बघवला पाहिजे. तांबडा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे निर्धोक. लहान मुलालासुद्धा कळतं."

"कळते, साहेब. पण सगळ्यांना दिसत नाही."

"कोणाला दिसत नाही?"

टेंभरेबाबू खिशातली काच काढून पुसू लागले.

"मी विचारतोय, कोणाला दिसत नाही? नाव सांगा."

"असतात काही माणसं," टेंभरेबाबू म्हणाले. वजन आणि नावाचं सगळं शास्त्र तोंडपाठ असलेला माणूस ह्या एका प्रश्नाला असा चाचरला, की मला आश्चर्य वाटलं. साहेबांना नाही वाटलं. ज्याला उत्तर येत नाही तो चुकलेला, असा त्यांचा सोपा हिशेब होता.

चाळीस नकाशे धाकट्या ट्रेसरकडून लाल-हिरवे करून घेतले. भिंत बाजारातल्या चुनऱ्यांच्या दुकानासारखी दिसू लागली. मोठे साहेब आले, "वा" म्हणाले, फराळ करून गेले. सोमवारी नकाशे गावोगाव जायचे होते.

रविवारी टेंभरेबाबूंनी चौकीदाराकडून किल्ली घेतली. सोमवारी सकाळी चाळीसही नकाशांवर, प्रत्येक लाल विहिरीवर, जाड काळ्या शाईची फुली होती. एकही सुटली नव्हती.

असा गुन्हा आमच्या ऑफिसात आधी झाला नव्हता, म्हणून त्याला नाव शोधण्यात दुपार गेली. शेवटी 'शासकीय नकाशे विद्रूप करणे' असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी चौकशी. लिहून घ्यायला मी. बाहेर पडवीत दवा टाकणारी माणसं पावडरच्या थैल्या पायाशी ठेवून बसलेली. नकाशे अडल्यामुळे तीही अडली होती.

"तुमचं म्हणणं, काही माणसांना तांबडा-हिरवा ओळखू येत नाही," साहेब म्हणाले. "मान्य. असा एक माणूस दाखवा. एकच. डॉक्टर तपासतील. खरंच तसा निघाला तर त्याला घरी पाठवू. आंधळी माणसं आपल्याला नकोत. तुमचा प्रश्न मिटला, माझाही मिटला."

टेंभरेबाबूंनी दारातून पडवीकडे एकदा बघितलं.

"मी," ते म्हणाले.

"काय मी?"

"मला दिसत नाही. लहानपणापासून."

माझा टाक थांबला. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. दिल्लीहून आल्यापासून त्यांना एवढा दृक्परिणाम कशातच मिळाला नव्हता.

डॉक्टरांनी रेल्वेत भरतीच्या वेळी वापरतात तशी रंगीत लोकरीच्या लडींची पेटी आणवली. एक लड पुढे ठेवायची, तिच्या रंगाच्या बाकीच्या काढायला सांगायचं. मला वाटलं, बाबू लालच्या जोडीला निळी ठेवतील आणि सोंग उघडं पडेल. तसं झालं नाही. फिकट हिरवीच्या जोडीला त्यांनी राखाडी काढली, मग मातकट, मग फिकट गुलाबी. लालच्या जोडीला तपकिरी आणि गर्द हिरवी. एक लड उचलून, घुटमळून परतही ठेवली.

"पुस्तकातल्यासारखी केस," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "ह्यात सोंग करता येत नाही."

टेंभरेबाबूंना नकाशाच्या टेबलावरून उचलून रेकॉर्डरूममध्ये टाकलं. वीस वर्षं आंधळ्याने सरकारचे नकाशे रंगवले, ही गोष्ट साहेब दर पाहुण्याला सांगत, आणि पाहुणा हसून दमला की पुन्हा एकदा सांगत. नवे नकाशे काढायला वेळ नव्हता, पाऊस आला होता, म्हणून फुल्यांचेच गेले. दवा बरोबर विहिरींत पडली. पुढच्या साली मोठ्या साहेबांनी त्या फुल्यांचं कौतुक केलं, तेव्हा आमच्या साहेबांनी ते खाली मान घालून स्वीकारलं आणि 'नकाशातील दुहेरी खुणा : एक नवी पद्धत' असं टिपण नागपूरला पाठवलं. ते छापूनही आलं. त्यात टेंभरे हे नाव नव्हतं. पानवाल्याचंही नव्हतं.

टेंभरेबाबूंच्या टेबलाचा चार्ज मी घेतला. खणाच्या तळाशी एक कागद होता. वर 'सो.' एवढंच अक्षर आणि खाली त्यांच्या मोत्यासारख्या हस्ताक्षरात: 'फिकट हिरवा – राखाडी, मातकट, फिकट गुलाबी. लाल – तपकिरी, गर्द हिरवा.' 'सो.' म्हणजे कोण, हे शोधावं लागलं नाही. पडवीत बसवून रंगाच्या पट्ट्यांच्या जोड्या ते एकाच माणसाकडून लावून घेत. दवा टाकणारा सोमाजी. आम्हाला तो खेळ वाटे, सोमाजीलाही.

कागद घेऊन मी रेकॉर्डरूममध्ये गेलो. बाबू गठ्ठ्यांवरची धूळ झटकत होते. मी कागद पुढे धरला. त्यांनी तो घेतला, चार तुकडे केले, आणि मग बोलले.

सहा-सात वर्षांपूर्वी त्यांनी एक नकाशा काढला होता, कामठ्यापलीकडच्या एका टोलीचा, पंधरा-वीस घरांच्या वस्तीचा. लालभडक आणि हिरवागार. तो घेऊन सोमाजी गेला, त्याने इमानेइतबारे दवा टाकली, आणि पंधरा दिवसांत टोलीतली दोन माणसं पटकीने गेली. ऑफिसने लिहिलं की गावकऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत. बाबूंचा त्यावर विश्वास बसला नाही. ते सोमाजीला घेऊन टोलीत गेले आणि तोच नकाशा पुढे धरून म्हणाले, लाल विहीर दाखव.

"त्याने हिरव्यावर बोट ठेवलं, भाऊ. मोठ्या खात्रीने. 'हेच ना जी लाल,' म्हणाला."

"मग त्याला सांगितलं नाही?"

"काय सांगू? तुझ्या हाताने दोन माणसं गेली? विहिरींवर जाणं सोडून दुसरं काही येते का त्याला? आणि नकाशा कोणी काढला होता? फार सुंदर झाला होता. मीच भिंतीला लावून बघत बसलो होतो."

मी म्हटलं, "पण त्याला दुसरं काही काम देता आलं असतं."

"आपल्या ऑफिसात दुसरं काम म्हणजे काय ते बघून घ्या," ते म्हणाले आणि गठ्ठ्यांकडे हात केला.

ते बरोबर वागले असं मी म्हणत नाही. उद्या कोणी फुली विसरला तर? हा प्रश्न मी त्यांना विचारला. दर जूनमध्ये नकाशे बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी ते रेकॉर्डरूममधून काहीतरी शोधायला म्हणून आमच्या खोलीत येत आणि एकेक नकाशा उलटून बघत. धाकटा ट्रेसर डोळा मारून म्हणे, "बाबूजी, ये हरा है कि लाल?" बाबू म्हणत, "तूच सांग बाबा." सगळे हसत. एकदा सोमाजीही हसला, आणि मग त्याला वाईट वाटलं असावं.

कारण त्याच आठवड्याच्या बाजारात मी दोघांना बघितलं. बाबू थैली घेऊन टमाटरांच्या ढिगापाशी उभे होते. सोमाजी लगबगीने आला.

"थांबा जी बाबूजी, तुमी नोका निवडू. तुमच्या डोऱ्याईले दिसत नाई ना. मी आहो ना!" आणि उकिडवा बसून तो निवडायला लागला. दाबून बघावं लागतं एवढंही त्याच्या ध्यानात नव्हतं, इतका तो डोळ्यांच्या भरवशावर होता. एक लाल, दोन हिरवी, एक लाल, तीन हिरवी. "पाहा, कसे लाल लाल टाकून राहिलो."

विकणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन रे, आंधरा झाला का..."

"चटणी करायची आहे, बाई," बाबू तिच्यावर जवळजवळ ओरडलेच. "जे दिलं ते तोल."

बाई तोंड वाकडं करून तोलायला लागली. "पिकल्याईचीच चटणी बेस होते," सोमाजी उठत म्हणाला. "बाबूजी, आता सरम नोका करू. बाजाराच्या दिवशी मले हाक मारत जा."

पुढच्या बाजारी मी लवकर गेलो. बाबू आधीच आले होते. टमाटरांचा ढीग समोर होता, थैली रिकामी होती, आणि ते मान उंचावून गर्दीत सोमाजीची वाट बघत होते.