एकोणतीसचा पाढा

"चल, दहा मिनिटांत भरून देतो तुझा फॉर्म!" मी नातीला म्हणालो. चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवलंय मी. एक कॉम्प्युटर मला काय दमवणार!

फॉर्म विज्ञान शिबिराचा, मुदत पाच वाजेपर्यंत. महिनाभर पोरगी झोपेतसुद्धा दुर्बिणीबद्दल बडबडत होती. चार वाजता बसलो, निम्मा फॉर्म भरला. पडद्यावर चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं! उत्तर न येणारा मुलगा छताकडे बघत बसतो, अगदी तसं.

"आजोबा, नेट फार स्लो आहे हो."

"रडायचं नाही, कारण शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चक्र तसंच. मग ब्राउझरमध्ये साठलेला कचरा पुसून टाकला. त्याबरोबर निम्मा भरलेला फॉर्मही गेला!

"शिकवून झालं असेल, तर दुरुस्तीवाल्याला फोन करा!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

साडेचार वाजले होते. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "काका, तुमच्या वायफायवर कोण कोण आहे ते बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये यादी असते."

घरात एक कॉम्प्युटर, दोन फोन. यादीत सतरा नावं!

"पासवर्ड कुणाला दिलात का?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"छे हो! एकोणतीसच्या पाढ्यातले पहिले पाच आकडे आहेत. हल्ली येतो कुणाला तो!"

नात मध्येच म्हणाली, "आजोबा, रोज संध्याकाळी जिन्यात मुलांकडून कुठला पाढा म्हणून घेता तुम्ही?"

मी फोन ठेवला. तडक जिन्यात आलो. पायरीपायरीवर माझेच विद्यार्थी, सगळ्यांच्या माना फोनमध्ये!

"अरे, पण हाच पासवर्ड, हे कळलं कसं?"

"तुम्ही टाकताना मोठ्यानं म्हणता ना! जिन्याकडची खिडकी उघडीच असते," वरच्या मजल्यावरची चिमुरडी म्हणाली. "आणि तुम्हीच शिकवलंत, पाढे पाठ असले की कुठलंच दार बंद राहत नाही!"

रागवू तरी कसा? एकाचाही आकडा चुकला नव्हता!

"पाच वाजेपर्यंत सगळे फोन बंद!" मी हात जोडले. पोरांनी गुणी बाळांसारखं ऐकलं. चार अठ्ठावन्नला फॉर्म गेला. नात गळ्यात पडली आणि मी खुर्चीत पडलो.

पण गुरुजी स्वस्थ बसतील तर ना! लगेच पासवर्ड बदलला, या वेळी सदतीसचा पाढा. मग तोच कॉम्प्युटरवर टाकला. "चुकीचा पासवर्ड." परत टाकला. चुकीचा! तिसऱ्यांदा एकेक आकडा जोखून टाकला, "...सदतीस पाचे एकशे पंच्याऐंशी."

खिडकीबाहेरून तोच चिमुकला आवाज आला.

"आजोबा, एकशे पंच्याहत्तर टाका! मघाशी बदलताना तुम्ही तेच म्हणालात. आमचं केव्हाच लागलंय!"