लख्खकाका आणि न जाणारा डाग

“माझं नाव ऐकलं की डाग स्वतःहून निघतो,” असं लख्खकाका भेटेल त्याला ऐकवत. काम आरसे साफ करण्याचं, पण आरसे साधेसुधे नव्हेत. सूर्यासारखी आग पेटवणाऱ्या भट्टीच्या पोटात तळहाताएवढा आरसा बसवलेला. आतला उजेड तो जाड भिंतीतल्या काचेच्या खिडकीतून अलीकडच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचवायचा. त्याच्यावर धातूची धूळ बसे. तिथे ना हात पोचतो, ना फडकं. आरशापुढेच विजेची जांभळी ज्योत लावायची, ती धूळ खरवडते.

“घरच्या आरशावरही लावा एकदा,” बायको म्हणे. तिथे टूथपेस्टचे शिंतोडे महिनोन्‌महिने सुखाने नांदत.

आज प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या. भट्टी त्यांनीच आखलेली, आणि अठरा वर्षांनी पहिली मोठी आग आजच पेटायची होती. ती त्यांना नीट दिसावी, एवढीच काकांची इच्छा.

काल आरसा साफ झाला होता. तरी सकाळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मधोमध डाग! काकांनी ज्योत लावली. इतकी वर्षं बघूनही ती पेटली की ते बघतच राहत. डाग तसाच. पुन्हा लावली. डाग ढिम्म.

“आरसा पाचच ज्योती सोसतो ना हो? किती झाल्या?” बाईंनी विचारलं.

“चार.”

“आणि आरसा गेला तर?”

“भट्टी उघडायची. वर्षभर आग नाही.” काकांनी बटणावरचा हात मागे घेतला.

बाई उठल्या, खिडकीपाशी वाकल्या आणि काचेवर तिरपी बॅटरी धरली.

“काका, तुमचा अंगठा दाखवा बरं.”

काकांचा चेहरा पडला. काम फत्ते झालं की काचेवर अंगठा टेकवून ‘शाबास रे’ म्हणायची त्यांची जुनी खोड. कालही म्हटलं होतं. बाईंनी रुमालाने काच पुसली. डाग गेला.

मग आग पेटली. कडेला गुलाबी, मध्ये जवळजवळ काहीच नाही, कारण तिथे ती डोळ्यांना दिसण्यापलीकडे तापलेली. सहा सेकंद टिकली. एवढं सगळं त्या तळहाताएवढ्या आरशातून आलं, या विचाराने काकांचा ऊर भरून आला.

“दिसली हो, काका,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “आता पाच मिनिटांनी पुन्हा पेटवू.”

काका उठले. ते खिडकीपाशी गेले, गहिवरून ‘शाबास रे’ म्हणाले, आणि अंगठा उचलल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तो रुमाल जरा देता?”