गॅलब्रेथसाहेबांची धाबळी

“संकष्टीचा नैवेद्य घरच्या पुरुषानं दाखवायचा, शोभना, आणि सोवळ्यातच. रेशीम हाताशी नसलं तर धाबळी नेसव त्याला. लोकरीला विटाळ नसतो. आणि नेसल्यापासून नैवेद्य होईतो कुणाला शिवायचं नाही, एवढं सांभाळ.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण हा आवाज शोभनाच्या कानात अजून तसाच होता, थोडा खरखरीत, थोडा लाडाचा. अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दर संकष्टीला विजयकुमार ऑफिसातून येत, आंघोळ करत, रेशमी कद नेसत आणि चंद्र समोरच्या इमारतीमागून वर आला की बाल्कनीत नैवेद्य दाखवत. आजवर एकही संकष्टी चुकली नव्हती. लेकीच्या, मुग्धाच्या जन्माच्या वेळी शोभना हॉस्पिटलात होती, तेव्हाही विजयकुमारांनी कुकरच्या वाफेवर कसेबसे मोदक उकडले होते.

या महिन्याची मात्र चुकणार होती. त्याच संध्याकाळी गॅलब्रेथसाहेबांचा निरोपसमारंभ होता. साहेब विजयकुमारांच्या कंपनीचे मुख्य, स्कॉटलंडचे, आता कायमचे घरी निघालेले. समारंभ अबुधाबीच्या समुद्रकाठच्या बड्या हॉटेलात, आणि निमंत्रणावर स्पष्ट छापलेलं, की पुरुषांनी काळा सूट नि बो घालावा, नाहीतर स्कॉटिश किल्ट, तो पुरुषांचा चौकड्यांचा घागरा. त्यात साहेबांनी स्वतःचा दुसरा किल्ट हातानं आणून विजयकुमारांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की माझ्या उजव्या बाजूला तू बसणार आहेस आणि हा नेसून बसणार आहेस. विजयकुमार “श्युअर सर” म्हणून मोकळे झाले.

“आणि नैवेद्य?” शोभनानं विचारलं.

“एक दिवस तू दाखव की.”

“पुरुषानं दाखवायचा असतो.”

“मग काय हॉटेलात कद नेसून जाऊ?”

  पलंगावर पसरलेल्या किल्टच्या चुण्या शोभना नुसत्याच हातानं सारख्या करत राहिली. हिरव्या-निळ्या चौकड्या, त्यातून एक बारीक पिवळी रेघ. करता करता तिची बोटं थांबली. कापड जड होतं, जरा टोचरं आणि उबदार. तिनं वाकून वास घेतला.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “ही तर धाबळी आहे.”

दारात उभी असलेली मुग्धा फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “आई, इट्स अ किल्ट.”

“असेल. आतली चिठ्ठी वाच बरं.”

मुग्धानं आतली चिठ्ठी वाचली. “हंड्रेड पर्सेंट वूल.”

“बघा,” शोभना म्हणाली, “साहेबांकडे सोवळं कडक दिसतंय.”

एकदा धाबळी म्हटल्यावर पुढचं सगळं सरळच होतं. काळा कोट लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचे मोजे लोकरीचे, दोन्ही चालणारे. सदरा सुती, म्हणून तो तिनं सकाळी स्वतः धुऊन, देवघरातल्या दोरीवर कुणाचा हात लागणार नाही असा वाळवला. राहिलं चामडं. किल्टला कमरेशी तीन चामडी पट्टे होते आणि पुढे लटकवायला एक चामडी पिशवी. चामडं सोवळ्याला चालायचं नाही. तिनं देवाची क्षमा मागितली, साहेबांची मागितली, पट्टे नाजूक हातानं उसवून ठेवले आणि त्यांच्या जागी रेशमी नाडी ओवली. पिशवीच्या जागी आपला कशिद्याचा बटवा टांगला. त्यात दूर्वा, अक्षता, हळदकुंकू आणि घंटी मावली.

संध्याकाळी विजयकुमार आंघोळ करून सगळा साज चढवून आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन पावलं चालून पाहिली. मग म्हणाले, “घंटी काढ. चाललो की वाजते.”

घंटीत कापूस भरला. शिवाशीव नको म्हणून गाडीच्या सीटवर धुतलेला पंचा अंथरला आणि शोभना मागे बसली, मांडीवर मोदकांचा डबा घेऊन. सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्यानं आत वाकून पाहिलं. विजयकुमारांनी काच वर केली.

उपासाच्या संध्याकाळी शोभनाला जग नेहमीच जरा हलकं वाटे. दिवे पाण्यात तरंगल्यासारखे दिसत, गाड्यांचे आवाज लांबून येत. हॉटेलच्या संगमरवरी पायऱ्या चढताना तिला वाटलं, आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला हळूच वर नेतं आहे. आणि दिवाणखान्याचं दार उघडलं तेव्हा तर ती थबकलीच. झुंबरांच्या सोनेरी उजेडात पन्नासेक पुरुष उभे होते, सगळे लोकर नेसलेले. एखाद्या मोठ्या यज्ञाला जमलेले गुरुजीच जणू, फक्त हातात ग्लास.

खरा प्रश्न दारातच उभा होता. साहेब हात मिळवायला पुढे आले. विजयकुमारांनी एक पाऊल मागे घेतलं, उजवा हात छातीवर ठेवला आणि मान झुकवली. अरबी माणूस हात मिळवायचा नसला की असंच करतो आणि त्याचा कुणाला राग येत नाही. साहेबांनाही आला नाही. उलट भारावून त्यांनीही छातीवर हात ठेवला.

तेवढ्यात रेशमी नाडीनं आपला गुण दाखवला. रेशमाची गाठ बसत नाही, सरकते. विजयकुमारांनी डावा हात कमरेवर दाबला. मग ते रात्रभर तसेच वावरले, एक हात छातीवर, एक कमरेवर, चालही जपून. लोकांना त्यात भलताच डौल दिसला. कंपनीतल्या दोघा तरुण इंजिनिअरांनी तशीच ढब धरली. बटव्याबद्दल तिघांनी विचारलं, की कुठं मिळतो.

“अगं, चंद्र कधी आहे?” ते दर थोड्या वेळानं शोभनाजवळून जाताना पुटपुटत.

“येतोच आहे. धरून ठेवा.”

“चंद्र?”

“नाडी.”

जेवणाच्या आधी नाच होता. साहेबांनी उभं राहून सांगितलं, की माझा गुडघा नवा बसवलाय, तो अजून माझं ऐकत नाही, तेव्हा बायकोबरोबरचा पहिला नाच माझ्या वतीनं विजय करेल. साहेबांच्या पत्नी मोरॅगबाई उठल्या. पांढरे केस, पांढरा झगा, खांद्यावर त्याच हिरव्या-निळ्या चौकड्यांची शाल. त्या दोन्ही हात पुढे करून विजयकुमारांसमोर आल्या.

विजयकुमारांनी छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली.

बाईंना वाटलं, हा नमस्कार झाला. त्या वाट बघत राहिल्या. विजयकुमारांनी पुन्हा मान झुकवली आणि एक पाऊल मागे सरकले. मोरॅगबाईंचे हात हळूहळू खाली आले. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते आता नुसतं ठेवलेलं होतं. अर्धं आयुष्य या गावात काढलेली बाई, जायच्या आधीचा शेवटचा नाच, आणि भर दिवाणखान्यात नकार.  व्रत मोडू नये हे खरं, पण व्रतापायी कुणाचं मन मोडलं तर देव ते कुठल्या खात्यात घालतो, हे सासूबाईंनी सांगितलेलं नव्हतं.

शोभना पुढे गेली. जेवढं इंग्रजी होतं तेवढं गोळा करून तिनं सांगितलं, की आज आमचा उपास, चंद्राची पूजा होईपर्यंत यांना कुणी शिवायचं नाही. “आफ्टर मून,” ती म्हणाली, “डान्स. प्रॉमिस.”

 मोरॅगबाई म्हणाल्या, की माझी आजी बेटावर राहायची आणि रविवारी दोरीवर साधा रुमाल वाळत घालू द्यायची नाही. देवाला दिसेल म्हणायची. मग त्यांनी वाजवणाऱ्यांना हातानं खूण केली, थांबा. “चंद्रानंतर. इन्शाल्ला,” असं म्हणत त्यांनी मायेनं शोभनाचा पदर चिमटीत धरला आणि चोळून पाहिला.

शोभना अंग चोरून उभी राहिली. पण रेशीमच ते, तिनं मनाला समजावलं, रेशमाला काय होतंय.

“सुंदर आहे,” मोरॅगबाई म्हणाल्या. त्यांचं सगळं माहेर कापडगिरणीत कामाला. “पॉलिएस्टर. फार सोयीचं. इस्त्री नको.”

शोभनानं पदर उलटसुलट करून पाहिला. ही साडी चुलतबहिणीनं दिलेली, ‘प्युअर आहे गं, जपून नेस’ असं तीनतीनदा बजावून. म्हणजे इतक्या संकष्ट्यांना, नवऱ्याला कुणाची सावली लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेली आपण, आणि या सगळ्या दिवाणखान्यात सोवळ्यात नसलेलं माणूस एकच. नैवेद्याचा डबाही तिच्याच हातात.

“काय झालं?” विजयकुमारांनी लांबूनच विचारलं.

“माझ्यापासून लांब राहा,” ती म्हणाली, “मी ओवळी आहे.”

मोरॅगबाईंना शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. शोभनानं आपला पदर दाखवला, त्यांची शाल दाखवली आणि मान हलवली. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. खांद्यावरची शाल काढली, शोभनाला पुढून-मागून नीट गुंडाळली आणि एखाद्या सासूनं ‘झालं, चल आता’ म्हणावं तसं म्हणाल्या, “खलास. यल्ला.”

तिघं दिवाणखान्याला लागून असलेल्या गच्चीवर आले. वारा गार होता. खाली समुद्र काळा, पलीकडे बेटांवरचे दिवे. कितीतरी वेळ काहीच नव्हतं. मग दोन उंच इमारतींच्या फटीतून धुरकट, तांबूस चंद्र वर आला, एक बाजू जरा खाल्ल्यासारखा.  विजयकुमारांनी कापडी बूट काढले, बटव्यातून दूर्वा काढल्या, घंटीतला कापूस काढला. त्या लोकरीतून शोभनानं डबा पुढे केला आणि तिला वाटलं, ही ऊब ओळखीची आहे. घंटी अगदी हळू वाजली. चंद्राला अर्घ्य दिलं. मोरॅगबाई कठड्याशी हात जोडून उभ्या होत्या, त्यांच्या पद्धतीनं, बोटांत बोटं गुंतवून. त्यांनाही मोदक मिळाला. तूप मनगटावर ओघळलं ते त्यांनी चाटलं.

“झालं,” शोभना म्हणाली. “आता शिवा कुणाला शिवायचं ते. आता नाचायचं.”

विजयकुमार सकाळपासून उपाशी होते. त्यांनी उभ्याउभ्या मोदकांमागून मोदक खाल्ले होते. ते नाचासाठी वळले आणि तिथंच थांबले. मग फार सावकाश, दोन्ही हातांनी किल्ट गच्च धरून, मागच्या खुर्चीवर बसले.

“काय झालं?”

“सुटली.”

“बांधून देते.”

“निम्मी हातात आलीये, निम्मी आत गेलीये. घरी जाईपर्यंत मी इथून उठत नाही. आणि उठवूही नकोस.”

आत वाद्यं सुरू झाली. काखेत पिशवी दाबून वाजवायचं ते वाद्य, सनईचं कुणी दूरचं नातेवाईक असावं. काचेच्या दारातून शोभनाला दिसलं, सगळे कडेला सरकले होते आणि मधल्या रिकाम्या जागेत मोरॅगबाई एकट्याच जाऊन उभ्या होत्या. त्या दाराकडे बघत होत्या. घाई नव्हती त्यांना.

शोभना स्वतःच्या वरातीतही नाचली नव्हती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही मुठी किंचित वर करून दाखवल्या, म्हणजे हात मोकळे नाहीत.

डबा तिनं त्यांच्या मांडीवर ठेवला. चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या. पदर कमरेला खोचला, खांद्यावरची शाल नीट केली, आणि दार ढकलून, कुणाकडे न बघता, चकचकीत फरशीवरून अनवाणी चालू लागली.